गाईंची डॉक्टर व्हायचंय, पण रस्ता कोणता?

मॅडम, नमस्कार. मी सांगोला तालुक्यातली. यंदा बारावी सायन्स झाले. नीटमध्ये 412 गुण पडले, म्हणजे एमबीबीएसचं काही खरं नाही. घरी 9 संकरित गाई आणि एक खिलार जोडी आहे. धारा मीच काढते, आणि गाय माजावर आलेली घरात सगळ्यात आधी मला कळते. मला जनावरांची डॉक्टर व्हायचंय. पण आमच्याकडे येणारे डॉक्टर (त्यांचा डिप्लोमा झालाय) म्हणतात, “साडेपाच वर्षं कशाला घालवतेस? डिप्लोमा कर, माझ्यासोबत फिर, कमाई तेवढीच.” मामा म्हणतात, अडलेली गाय सोडवणं हे पोरीचं काम नाही. आणखी एक गृहस्थ परराज्यातल्या खासगी कॉलेजात सीट पक्की करून देतो म्हणतात, त्यासाठी पप्पा एक एकर विकायला निघालेत. आम्ही ओबीसी. जातीचा दाखला आहे, व्हॅलिडिटी काढलेली नाही. काय करू? का अजून एक वर्ष नीट देऊन एमबीबीएसच बघू?
— अ., ता. सांगोला

प्रिय अ.,

तुझा शेवटचा प्रश्न मी आधी घेते, कारण बाकीचं सगळं त्याच्यावर अडून आहे.

मनातून तुला माणसांचीच डॉक्टर व्हायचं असेल, तर सरळ पुन्हा नीट दे आणि पशुवैद्यकाच्या वाटेला येऊ नकोस. हे कडक वाटेल, पण दर वर्षी पहिल्या वर्षाच्या वर्गात अशी मुलं येतात, जी वसतिगृहात शरीररचनाशास्त्राच्या पुस्तकाखाली नीटचं गाईड लपवून बसतात. त्यातली काही रमतात आणि उत्तम पशुवैद्यक होतात. बाकीची वर्षभर कुढतात आणि मध्येच सोडून जातात. गेलेली जागा मग कुणालाच मिळत नाही. तुझ्या पत्रात मात्र एमबीबीएसचा उल्लेख दोनदा आलाय तो मार्कांच्या हिशेबात, आणि गाईंचा उल्लेख आलाय तो आपणहून. माजावरची गाय आधी ओळखणारी मुलगी मला जास्त खरी वाटते. म्हणून पुढचं उत्तर तुला पशुवैद्यकच व्हायचंय असं धरून लिहिते.

आता डिप्लोम्याचं. तुमच्याकडे येणाऱ्या डॉक्टरांची दोन्ही वाक्यं एकेकटी खरी आहेत. पदविका लवकर होते, हे खरं. कमाई तेवढीच, हेही खरं, काही गावांत तर जास्तच. पहाटे पाचला फोन केला तर ते येतात, उधारी ठेवतात, गाईला नावानं ओळखतात. सरकारी दवाखान्यातला पशुधन विकास अधिकारी दहा-बारा गावं सांभाळतो आणि शिवाय लसीकरणाचे अहवाल भरतो, त्यामुळे तो तुमच्या गोठ्यावर वेळेत पोचेलच असं नाही. ग्रामीण महाराष्ट्रातली गुरं या पदविकाधारक मंडळींच्या आधारावर उभी आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. जिल्हा परिषदेचे श्रेणी-2चे दवाखाने पशुधन पर्यवेक्षकांनीच, म्हणजे पदविकाधारकांनीच, वर्षानुवर्षं चालवलेत. मी स्वतः पशुसंवर्धन खात्यात असताना माझ्या हाताखालचे पर्यवेक्षक कृत्रिम रेतनात माझ्यापेक्षा सरस होते, आणि मला त्याची कधी लाज वाटली नाही.

पण कायदा काय म्हणतो ते त्यांनी तुला सांगितलेलं दिसत नाही. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, 1984. त्यातलं कलम 30 तू एकदा तरी वाच, फार मोठं नाही. पशुवैद्यकाचा व्यवसाय करणं, सरकारी किंवा इतर संस्थेत पशुवैद्यक म्हणून पद धारण करणं, कायद्यानं लागणाऱ्या पशुवैद्यकीय दाखल्यांवर सही करणं, न्यायालयात तज्ज्ञ म्हणून साक्ष देणं, हे हक्क त्या कलमानं फक्त नोंदणीकृत, म्हणजे मान्य पदवी घेऊन परिषदेकडे नाव नोंदवलेल्या, पशुवैद्यकाला दिलेत. पदविकाधारकाला राज्य सरकार आदेशानं किरकोळ सेवांची परवानगी देऊ शकतं, आणि तीही नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली, त्याच्या सांगण्यावरून. किरकोळ म्हणजे काय हेही तिथंच लिहिलंय: लसीकरण, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी अशी प्राथमिक मदत, आणि सरकार अधिसूचना काढून ज्या आजारांचे उपचार त्यात घालेल ते. गावोगाव त्यापलीकडचं बरंच काही चालतं, हे तुलाही माहीत आहे आणि मलाही. चालतं म्हणून ते कायद्यात बसतं असं नाही. उद्या एखादी दीड लाखाची गाय उपचारानंतर मेली आणि मालक पोलिसांत गेला, तर त्या दिवशी कोण कुठं उभं आहे ते कळतं.

कायद्यापेक्षाही मला तुला एक दुसरी गोष्ट सांगायची आहे. तुमच्या गोठ्यात नक्की घडलेली असणार.

तिसऱ्या-चौथ्या वेताची, भरपूर दुधाची गाय. व्यायली, आणि दुसऱ्या दिवशी बसली ती उठेना. मान पोटाशी वळवून बसलीये, कान गार, नाकपुडी कोरडी. कुणीही सांगेल, दुग्धज्वर. व्याल्यावर कॅल्शियम एकदम दुधात उतरतं, रक्तात कमी पडतं, स्नायू साथ देत नाहीत. शिरेतून कॅल्शियमची बाटली लावली की तासाभरात गाय उठून शेण टाकते आणि डॉक्टर देवमाणूस ठरतो. म्हणून व्यालेली गाय बसली की कॅल्शियम, असं समीकरण सगळीकडे पक्कं झालंय. आता दुसरी गाय घे. तीही काल व्यायली, तीही बसलीये, तिचेही कान गार. पण कासेचा एक सड पिळून बघितला तर दूध नाही, पिवळसर पाणी येतंय. तिला जहाल कासदाह झालाय आणि त्याचं विष रक्तात भिनलंय. हिच्या शिरेत तीच बाटली भराभर सोडली तर आधीच थकलेलं हृदय बंद पडू शकतं, सुई काढायच्या आत. तिसरी गाय बसलीये खरी, पण डोळे तरतरीत, वैरण खातीये, ताप नाही, नुसते मागचे पाय उचलत नाहीत. वासरू मोठं होतं, ओढून काढलं, कंबरेतली शीर दाबली गेली. हिला बाटली नको, जाड गादीसारखा वाळक्या गवताचा बिछाना हवा आणि दिवसातून चारदा कूस बदलायला माणसं हवीत.

तीन गाई, एकच तक्रार, तीन वेगळे निर्णय. सुई टोचणं महिनाभरात शिकता येतं, तुमचे डॉक्टर ती माझ्याहून सफाईनं टोचत असतील. ती टोचायची का, कोणती, किती वेगानं, आणि कधी हात आवरायचा, यासाठी शरीरक्रिया, विकृतिशास्त्र, औषधशास्त्र हे सगळं डोक्यात असावं लागतं. कॅल्शियम देताना एका हातानं छातीवर स्टेथोस्कोप धरून ठोके ऐकत राहावं लागतं. साडेपाच वर्षं त्या ऐकण्यात जातात. तुला गाईजवळ राहायचंय, की गाईविषयीचा निर्णय आपल्या नावावर घ्यायचाय? पहिलं उत्तर असेल तर पदविका घे, त्यात कमीपणा काही नाही, फक्त तिच्या मर्यादेत राहा. दुसरं असेल तर पदवीला पर्याय नाही. एक मात्र डोक्यातून काढून टाक: आधी डिप्लोमा, मग अभियांत्रिकीसारखा थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, अशी सोय या पदवीला नाही. आज डिप्लोम्याला गेलीस आणि नंतर मन बदललं, तरी पुन्हा नीटच द्यावी लागेल आणि पहिल्या वर्षापासूनच सुरुवात करावी लागेल.

मामांचं बोलणं मी फार मनावर घेणार नाही, तूही घेऊ नकोस. आमच्या वेळी वर्गात मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, आता वर्ग बघून ये. अडलेली गाय जोरानं सुटत नसते. वासराचं डोकं मागं वळलंय की गुडघा दुमडलाय हे आत हात घालून चाचपायचं, कळ थांबली की वासरू मागं ढकलून जागा करायची, पाय सरळ करायचा, दोरी लावायची, आणि मग कळेबरोबर ओढायचं. गाय फार कुंथत असेल तर शेपटीच्या मुळाशी मणक्यात भूल देतात, की ती शांत होते. ओढायला गोठ्यात दोन गडी नेहमीच असतात. आत जाणारा हात बारीक असेल तर पहिलारू कालवडीत आणि शेळीत फायदाच होतो. मामांना हे सांग, किंवा सांगू नकोस. पुढच्या वेळी गाय अडली की तेच तुला हाक मारतील.

खासगी सीटवाल्या गृहस्थांबद्दल: पप्पांना म्हणावं, एक एकर आहे तिथं राहू द्या. परराज्यातली सगळीच खासगी महाविद्यालयं वाईट आहेत असं नाही. पण पशुवैद्यकाची पदवी चालते ती भारतीय पशुवैद्यक परिषदेच्या मान्यतेवर. महाविद्यालयाची इमारत, घोडे-गाईंचे गोठे, संकेतस्थळावरचे फोटो यांवर नाही. मान्यता नसलेल्या ठिकाणची पदवी घेऊन आलीस तर राज्याची पशुवैद्यक परिषद नोंदणी देणार नाही, आणि नोंदणी नाही म्हणजे साडेपाच वर्षांनंतर तू कायद्याच्या दृष्टीनं तुमच्या त्या डॉक्टरांच्याही मागं. मान्यतेतही भानगड असते. नव्या महाविद्यालयाला आधी नुसती सुरू करायची परवानगी मिळते, पूर्ण मान्यता तपासण्या होऊन नंतर येते. एखाद्या वर्षी परिषद प्रवेश थांबवूही शकते. म्हणून त्या गृहस्थांना एकच विचार: या वर्षाच्या प्रवेशाला परिषदेनं परवानगी दिल्याचं पत्र दाखवा. आणि ते त्यांच्या मोबाइलवर न बघता परिषदेच्या संकेतस्थळावर स्वतः पडताळ. नीटच्या गुणांशिवाय सीट देतो म्हणणारा असेल, तर त्याला चहाही पाजू नका.

जमीन विकायचं कारणही नाही. महाराष्ट्रात ही पदवी महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या महाविद्यालयांतून मिळते. विद्यापीठ नागपूरला आहे, 2000 साली स्थापन झालं. जुनी पाच महाविद्यालयं म्हणजे मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ. मुंबईचं तर 1886चं, देशातल्या सगळ्यात जुन्या पशुवैद्यक महाविद्यालयांपैकी एक. तुला जवळचं साताऱ्यातलं शिरवळ, पुणे-सातारा महामार्गावर आहे. अलीकडे यात नव्यांची भर पडते आहे, ती यंदाच्या माहितीपुस्तिकेत बघ. या महाविद्यालयांचं शुल्क शेतकऱ्याच्या आवाक्यातलं आहे, आणि 2024-25पासून ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतल्या मुलींना, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. पशुसंवर्धन विभागाखालचे अभ्यासक्रमही त्यात येतात. व्यवस्थापन कोट्यातल्या प्रवेशाला ही सवलत नाही, आणि परराज्यात गेलीस तर प्रश्नच मिटला. घरचा खर्च उरतो तो वसतिगृहाचा, जेवणाचा आणि पुस्तकांचा.

412 गुणांवर प्रवेश मिळेल का, हे तू स्पष्ट विचारलं नाहीस, पण तेच विचारायचं होतं. मी आकडा सांगणार नाही, आणि जो सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवू नकोस. 2024च्या नीटमध्ये पहिल्या निकालात 67 जणांना 720 पैकी 720 होते. पुढच्याच वर्षी पेपर इतका अवघड निघाला की देशात पहिल्या आलेल्याला 686 मिळाले. तेव्हा गेल्या वर्षी 412ला लागलं की नाही, याला काही अर्थ नाही. गुण बाजूला ठेव आणि आपला अखिल भारतीय क्रमांक बघ. मग गेल्या एक-दोन वर्षांच्या फेऱ्यांच्या याद्यांत ओबीसी मुलींमध्ये प्रत्येक महाविद्यालयाचा शेवटचा प्रवेश कुठल्या क्रमांकावर बंद झाला ते शोध. पहिल्या फेरीचं बघून निराश होऊ नकोस. एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएसच्या फेऱ्या पुढं सरकतात तशी वरची मुलं जागा सोडत जातात, आणि पशुवैद्यकाची यादी शेवटच्या फेरीपर्यंत खाली येत राहते.

आणि इथं दर वर्षी मुलं फसतात. नीट दिली म्हणजे पशुवैद्यकाचा अर्ज आपोआप झाला असं त्यांना वाटतं. तसं नाही. नीटचे गुण फक्त गुणवत्ता यादीसाठी. राज्यातल्या जागांसाठी विद्यापीठाच्या प्रवेश प्रक्रियेत वेगळा अर्ज भरावा लागतो, मुदतीत, शुल्कासह. त्याशिवाय देशभरातल्या महाविद्यालयांतल्या 15 टक्के जागा भारतीय पशुवैद्यक परिषद स्वतःच्या समुपदेशन प्रक्रियेतून भरते, त्याचाही अर्ज वेगळा. दोन्ही भर. अखिल भारतीय कोट्यातून लुधियाना किंवा हिसारला नंबर लागला, तर घर लांब पडेल, पण शिक्षण खणखणीत होईल. पात्रतेचं म्हणशील तर बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी, या चारांत मिळून खुल्या गटाला 50 टक्के लागतात, आरक्षित गटांना सवलत आहे, आणि प्रवेशाच्या वर्षी 31 डिसेंबरला 17 वर्षं पूर्ण हवीत. इंग्रजी धरलं जातं हे मुलं विसरतात. तू विसरली असशील तर गुणपत्रिका काढून आत्ताच बेरीज कर.

शिक्षण कसं असतं ते थोडक्यात सांगते, कारण ते तिथं गेल्यावर कळेलच. साडेचार वर्षं अभ्यासक्रम, त्यावर एक वर्ष आंतरवासिता (इंटर्नशिप). सुरुवातीला शरीररचना, शरीरक्रिया, पशुधन उत्पादन व्यवस्थापन. फॉर्मालिनच्या वासात हाडं पाठ करायची, गाय, घोडा, कुत्रा, कोंबडी सगळ्यांची. माणसांच्या डॉक्टरांना एकच प्राणी पाठ करावा लागतो, हे आमचं नेहमीचं रडगाणं. मधल्या वर्षांत विकृतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, परजीवीशास्त्र, औषधशास्त्र. शेवटाकडे औषधवैद्यक, शल्यचिकित्सा, प्रजनन आणि प्रसूती. सगळं इंग्रजीतून. मराठी माध्यमातून आलेल्यांना पहिले सहा महिने जड जातात, नंतर जात नाहीत. औषधशास्त्राच्या तासाला जागी राहा. डायक्लोफेनॅक गुरांना द्यायला 2006 साली बंदी का आली, ते तिथं शिकवतात: औषध दिलेलं जनावर मेलं, गिधाडांनी खाल्लं, त्यांच्या किडन्या निकामी झाल्या आणि देशातली गिधाडं जवळजवळ संपली. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांना टोचल्या जात राहिल्या, म्हणून 2015मध्ये त्या कुप्या 3 मिलीच्या करायला लागल्या. एका दुखणं थांबवणाऱ्या सुईची वाट कुठपर्यंत जाते, हे कळल्यावर पेटीतलं प्रत्येक औषध वेगळं दिसायला लागतं.

दोन गोष्टी आरोग्याच्या. रेबीजची प्रतिबंधक लस शिकतानाच, कुत्रा चावण्याआधी, घ्यायची. आणि गाभडलेल्या गाईला, अडकलेल्या वारेला उघड्या हातानं शिवायचं नाही. ब्रुसेला नावाचा जंतू तिथून माणसात येतो आणि ताप, सांधेदुखी महिनोन्महिने पाठ सोडत नाही. हे पदवीपर्यंत थांबायचं कारण नाही, आज रात्री तुमच्या गोठ्यात वार अडकली तरी लांब हातमोजा घाल. घरी ठेवा, महाग नसतात.

आता परवान्याचं. आपल्याकडे पदवीनंतर वेगळी परवाना परीक्षा नाही. अमेरिकेत आहे, तिथं 360 प्रश्नांची राष्ट्रीय परीक्षा, मग त्या-त्या राज्याचा परवाना, आणि आपल्या बहुतेक पदवीधरांना त्याआधी पदवीची समकक्षता सिद्ध करायला वेगळ्या परीक्षांची माळ, त्यात प्रत्यक्ष जनावरावर भूल, शस्त्रक्रिया, शवविच्छेदन करून दाखवावं लागतं. तिकडं जायचं डोक्यात आलंच तर तेव्हा बोलू. इथं मान्य पदवी हीच परीक्षा. विद्यापीठाच्या परीक्षा उत्तीर्ण झालीस की राज्य पशुवैद्यक परिषद तात्पुरती नोंदणी देते, आणि त्या नोंदणीवर तू आंतरवासिता करतेस. महाविद्यालयाचं चिकित्सालय, पशुधन प्रक्षेत्र, खात्याचे दवाखाने असं वर्ष फिरतीत जातं. ते वर्ष हजेरीपुरतं काढलंस तर पहिल्या साडेचार वर्षांचं पाणी होईल, कारण हात त्या वर्षातच बसतो. आंतरवासिता संपली की पदवी घेऊन नागपूरच्या महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेकडे कायम नोंदणी. तिथं मिळणारा क्रमांक तुझ्या प्रत्येक चिठ्ठीवर, प्रत्येक दाखल्यावर येणार. दर पाच वर्षांनी नूतनीकरण असतं, ते विसरणारे पुष्कळ आहेत, आणि मग एखाद्या विमा दाव्यात कंपनी बोट ठेवते. दुसऱ्या राज्यात व्यवसाय करायचा झाला तर नोंदणी तिथल्या परिषदेकडे वर्ग करून घ्यायची. परिषदेची आचारसंहिताही आहे. खोटा दाखला दिला, तर नाव नोंदवहीतून जाऊ शकतं.

दाखल्याचं महत्त्व तुला घरातूनच कळेल. गाईचा विमा काढताना आरोग्य दाखला कुणाच्या सहीचा होता, ते पप्पांना विचार. गाय वीज पडून किंवा आजारानं गेली, कानातला बिल्ला शाबूत आहे, सगळी कागदं आहेत, पण नोंदणीकृत पशुवैद्यकाचा शवविच्छेदन अहवाल नाही, तर दावा तिथंच अडतो. तुमच्या वाडीवरच्या डॉक्टरांनी गाईवर चार दिवस उपचार केले असतील, तरी त्या कागदावर त्यांची सही चालत नाही. मालकाला मग मेलेल्या गाईजवळ बसून तालुक्याहून साहेब येण्याची वाट बघावी लागते.

पुढच्या नोकरीबद्दल तुला भुरळ घालणार नाही. पशुधन विकास अधिकारी, गट-अ, हे पद महाराष्ट्र लोकसेवा आयोगातून भरतात आणि जाहिरात दर वर्षी निघतेच असं नाही. मधल्या काळात मुलं कंत्राटी कामं करतात, 1962 नंबरवर फोन केला की येणाऱ्या फिरत्या पथकांत, दूध संघांत, कुक्कुटपालन आणि औषध कंपन्यांत. बँका कृषी क्षेत्र अधिकारी म्हणून पशुवैद्यक पदवीधर घेतात. पुण्या-मुंबईत कुत्र्या-मांजरांचा व्यवसाय चांगला चालतो, पण तो उभा राहायला भांडवल आणि वरिष्ठाच्या हाताखाली काही वर्षं लागतात. तुझ्यासारखीसाठी मला आणखी एक जागा दिसते. सांगोला, पंढरपूर, माळशिरस या पट्ट्यात वीस-पंचवीस गाईंचे मुक्त गोठे वाढलेत, आणि त्यांना आजारी गाय बघणाऱ्यापेक्षा गाय आजारी पडू नये म्हणून महिन्याला येऊन गाभण तपासणी, चारा-खुराकाचा हिशेब, कासेची निगा बघणारा पशुवैद्यक हवाय. पैसे द्यायलाही ते तयार आहेत. हे काम करणारे अजून थोडे आहेत, आणि ज्यानं स्वतः धारा काढल्यात त्याच्यावर गोठेवाले लवकर विश्वास ठेवतात.

यंदा नंबर लागला नाही तर? मग एक वर्ष पुन्हा नीट, पण या वेळी पशुवैद्यकासाठी म्हणून, आणि जीवशास्त्राचे 90 प्रश्न पक्के करून. दुसऱ्यांदाही हुकलं तर पदविकेचा विचार कर. दोनपेक्षा जास्त वर्षं नीटमागं घालवावीत असं मला वाटत नाही. घरात नऊ गाई आहेत आणि तुला त्या सांभाळता येतात, हे काही थोडं नाही.

या आठवड्यात मात्र व्हॅलिडिटीच्या मागं लाग. सोलापूरच्या जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडे अर्ज, बारावीच्या महाविद्यालयाचं पत्र घेऊन. आजोबांच्या किंवा पणजोबांच्या शाळेच्या दाखल्याची नक्कल शोधायलाच लोकांचे पंधरा दिवस जातात. नॉन-क्रीमीलेअर चालू वर्षाचं आहे का बघ, अधिवास दाखला काढ, पप्पांचा उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून घे. शुल्कमाफीला तो लागतो. हे सगळं हातात नसेल तर नंबर लागूनही जागा खुल्या गटात ढकलली जाते.

आणि अर्ज भरण्याआधी काही दिवस सकाळी तालुक्याच्या श्रेणी-1 दवाखान्यात जाऊन बस. अधिकाऱ्यांना सांग की मला या शिक्षणाला जायचंय, नुसतं बघू द्या. बहुतेक जण नाही म्हणत नाहीत. एखादं शवविच्छेदन निघालं तर तेही बघ, नाकाला रुमाल न लावता. दुपारी घरी येऊन जेवण गेलं, तर फॉर्म भर.

तुझी,
सदरलेखिका